चुकीच्या भिंतीतलं दार

४ फेब्रुवारी

आज सकाळी माझ्या नातीचे, खारूताईचे पाय गेले आणि संध्याकाळी परत आले. मधल्या वेळात माझं काय झालं ते लिहावं म्हणून वही उघडली, तर नुसताच बसून राहिलोय.

जावईबापूंचा फोन आला. "बाबा, जरा येता का? ही पलंगावरून उतरली ती खालीच बसली. पाय हलवताच येत नाहीयेत." आवाज इतका सपाट होता की मी चष्मा न घेताच निघालो. लेक गेल्यापासून आम्ही दोघं पुरुष मिळून ह्या पोरीला वाढवतोय. ते त्यांच्या घरी, मी माझ्या घरी, मधे दोन गल्ल्या. एरवी आमचं बोलणं डबा, दप्तर आणि वह्यांची कव्हरं एवढंच.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्तात आम्ल साचलंय, पोटॅशियम तळाला गेलंय, मूत्रपिंडाच्या कामात काहीतरी बिघडलंय, असं म्हणाल्या. सलाईन लावलं. मी उशाशी बसून शाळेतली एक कविता म्हणू लागलो, अगदी चालीवर. आमचे मास्तर म्हणायचे, अर्थ मागून येईल, आधी चाल येऊ दे. तिसऱ्या कडव्याला खारूताईने डोळे उघडले. "आजोबा, मागच्या वेळी हे कडवं वेगळं होतं." म्हणजे डोकं शाबूत होतं. मग दुपार कलताना अंगठा हलला. "माझे पाय रुसले होते," म्हणाली.

आठ वर्षांची पोर, दिसते सहाची. आम्ही त्याला घराण्याची उंची म्हणतो. मी शाळेत पहिल्या रांगेत, लेकही पहिल्या रांगेत, ही पण पहिल्या रांगेत.

घरी येऊन चार घास पोटात ढकलले. सोडा घेतला. पडतो आता.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आज सगळ्या खानदानाची चौकशी केली. बाई चुणचुणीत, पण प्रश्न असे विचारतात की आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं.

"घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास?"

"नाही. तरुणपणी मला एकदा खडा झाला होता. पडला. खडा कुणाला होत नाही?"

"औषधं काय घेता?"

"एकही नाही." मी जरा छाती पुढे काढूनच सांगितलं. "चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जन्म गेला. आजारपणाची रजा एकदाच घेतली, ती त्या खड्याची."

"आजोबा रोज दोनदा जिना चढतात," खारूताई पलंगावरून म्हणाली. "एकदा घरी यायला आणि एकदा विसरलेली पिशवी आणायला."

"आणि हिची आई?"

ते जावईबापूंनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, भर दिवसा. रस्ता ओलांडता ओलांडता मधेच उभी राहिली आणि गाडी आली. बघणारे म्हणाले, फोन वाजला असेल. फोन तर घरीच राहिला होता. आम्ही दोघं नेहमी तिथवर येऊन थांबतो. आजही थांबलो.

जावईबापूंची सगळी हयात मूत्रपिंडाच्या पेशी भिंगातून पाहण्यात गेली आणि दुखणं घरातच निघालं. बाहेरच्या बाकावर त्यांनी हात पुसायच्या कागदावर मला चित्र काढून दाखवलं. पेशीला दोन भिंती. एक नळीकडची, जिथून लघवी वाहते. दुसरी रक्ताकडची. पेशी आम्ल नळीत ढकलते आणि त्याच वेळी तयार झालेला क्षार रक्ताला परत देते. क्षार बाहेर जायचं दार रक्ताकडच्या भिंतीत असतं. दार म्हणजे एक प्रथिन. ते पेशीच्या पोटात घडतं आणि कुठल्या भिंतीत जाऊन बसायचं ती खूण त्याच्या शेपटीवर असते.

"कळलं," मी म्हणालो. "हिचा व्हॉल्व्ह उलटा बसलाय."

"उलटा नाही, बाबा. व्हॉल्व्ह धड आहे. भिंत चुकलीय. क्षार रक्तात जायचा तो नळीतच सांडतो. तिथे आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि रक्त राहतं आंबटच." मग कागद चुरगाळत म्हणाले, "असं असू शकतं. अजून काहीच माहीत नाही."

पोरीला एक सरबत सुरू केलंय. आंबटखारट. रक्तात आम्ल झालं म्हणून आंबट औषध! जावईबापू म्हणतात, शरीरात गेल्यावर त्याचा क्षार होतो. होत असेल बुवा. पोर नाक दाबून पिते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच पाककृती दिली.

१२ मार्च

अहवाल आला. जनुकाच्या मजकुरात, त्या दाराच्या शेपटीजवळ, खारूताईचं एक अक्षर बदललेलं आहे. जावईबापूंचं बदललेलं नाही. माझं रक्त घेतलं होतं. माझंही तेच अक्षर, तसंच बदललेलं.

म्हणजे माझ्याकडून लेकीकडे आणि लेकीकडून हिच्याकडे आलं. मला क्षणभर (लाज वाटते लिहायला) बरं वाटलं. माझं काहीतरी पुढे गेलं म्हणून. मग डॉक्टरीणबाई बोलल्या आणि ते बरं वाटणं जिरलं.

"एकाच अक्षराचे दोन मालक," त्या म्हणाल्या. "एक आजारी, एक ठणठणीत. आजोबा चौऱ्याहत्तरीत जिने चढतात. मग अक्षराचा दोष कसा मानू? बदललेली अक्षरं प्रत्येकाकडे असतात, बहुतेक निरुपद्रवी."

"मग दोष कशाचा?" जावईबापूंनी विचारलं.

"तिचं शरीरच तिच्या मूत्रपिंडावर उलटलं असेल. तसं असेल तर सरबत म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. स्टेरॉइड द्यावं लागेल, तेही मोठ्या प्रमाणात, बरेच महिने."

"तिची हाडं आधीच मऊ आहेत. उंची आधीच खुंटलीय. स्टेरॉइडने उरलीसुरली जाईल. आणि दोष अक्षराचा असला तर सगळं फुकट."

"आणि दोष अक्षराचा नसला आणि आपण थांबलो, तर मूत्रपिंड जाईल. एप्रिल संपेपर्यंत थांबते. त्यापुढे नाही."

आज जेवण गेलं नाही. सोडा मात्र घेतला, नाहीतर छातीत आग होते.

१५ मार्च

माझी प्रकृतीच माझ्या नातीविरुद्ध साक्षीला उभी राहिली. असं कुणाचं झालं असेल का?

आरशात बघितलं. कुठे काही बिघडलंय का ते शोधलं. एक गुडघा वाजतो. तो तर सगळ्यांचाच वाजतो.

६ एप्रिल, रविवार

आज जावईबापूंनी प्रयोगशाळेत नेलं. सुट्टी असल्यामुळे इमारत रिकामी होती. जोडे काढून प्लास्टिकच्या चपला घालायला लावल्या, वर पांढरा डगला. तो माझ्या घोट्यापर्यंत आला.

त्यांनी गेले काही आठवडे ह्याच कामात घातलेत. आधी एक कपाट उघडलं, आत ऊब आणि गुलाबी पाण्याच्या लहान वाट्या. प्रत्येक वाटीत आणखी एक चिमुकली वाटी टांगलेली, तिचा तळ म्हणजे पातळ, बारीक छिद्रांची चाळण. त्या चाळणीवर पेशी वाढतात.

"साध्या बशीत का नाही वाढवत?"

"बशीवर त्यांना वर-खाली धड कळत नाही. चाळणीवर ठेवलं की वरून पाणी, खालूनही पाणी. मग शेजारणींना घट्ट चिकटून भिंत करतात आणि वर कोण, खाली कोण हे ठरवून टाकतात."

"कुणाच्या पेशी आहेत?"

जावईबापू जरा घुटमळले. "कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या. सगळीकडे ह्याच वापरतात, बाबा. भिंती छान करतात."

"आणि माझं अक्षर त्या कुत्र्यात घातलंय?"

"तुमचं आणि खारूताईचं."

मी म्हणालो, घराण्याला हेच बघायचं राहिलं होतं. किती दिवसांनी हसले ते.

मग अंधार करून पडद्यावर चित्र लावलं. भिंत आडवी कापून बाजूने बघावी तसं. शेजारणी जिथे एकमेकींना चिकटतात तिथे तांबडे ठिपके, आणि ते दार हिरवं, चमकणारं. आधी धड अक्षराच्या पेशी दाखवल्या. हिरवी रेघ खाली, रक्ताच्या बाजूला, जसा तळाला साचलेला गाळ. मग आमच्या अक्षराच्या. हिरवी रेघ वर.

मला आठवलं, वर्गात फळ्यावर मास्तर कवितेचं कडवं लिहायचे आणि शेवटची ओळ वरच्या ओळीच्या जागी गेली की साऱ्या वर्गाचा ठेका चुकायचा. शब्द सगळे तेच. कुणालाच म्हणता यायचं नाही.

"हे चुकून एकदा झालं नसेल?"

"पुन्हा पुन्हा केलंय. दर वेळी वर." आणि पडद्यावर बोट ठेवून हळू म्हणाले, "हे दार रोज तिच्यात असं उघडतंय."

८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी चित्रं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढला.

"सुंदर काम आहे. पण मला सांगा, मी बशीतल्या कुत्र्यावर विश्वास ठेवू की खुर्चीतल्या आजोबांवर? ह्यांच्यात हे अक्षर आहे. दार चुकीच्या भिंतीत बसत असेल तर हे गृहस्थ असे बसलेच नसते. ह्यांचं रक्त मी तपासलंय, उत्तम आहे."

मी खुर्चीतून उठलो. उगाचच. बसवेना.

जावईबापूंनी बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली. मी म्हणालो, "मी आजारी असतो तर बरं झालं असतं." ते म्हणाले, "काहीतरी बोलू नका." पण नाही म्हणाले नाहीत.

१५ एप्रिल

आज जे घडलं ते मला नीटसं कळलेलं नाही. घडलं तसं लिहितो.

दुपारी जेवून उठलो होतो. सोड्याचा चमचा ग्लासात फिरवतोय तोच जावईबापू दारात. न कळवता कधी येत नाहीत. स्टेरॉइडसाठी संमती महिनाअखेर द्यावी लागणार म्हणून विचारायला आले होते. मी पाठ करून घाईघाईने ग्लास रिकामा केला. जावयासमोर ढेकर देणं बरं दिसत नाही म्हणून त्यांच्या घरी मी हे कधीच करत नाही. पण पोटाला काय कळतं? अशी खणखणीत आली की शेजारच्या खिडकीतलं कबूतर उडालं.

"माफ करा हं," मी म्हणालो.

त्यांचं लक्ष ढेकरेकडे नव्हतंच. ग्लासाकडे होतं. "काय होतं हे?"

"काही नाही. खायचा सोडा."

"कधीपासून घेता?"

"झाली की पन्नास वर्षं. खडा पडला तेव्हा पंपघरातला थोरला मिस्त्री म्हणाला, दोन्ही जेवणांवर चमचाभर सोडा घेत जा, खडा फिरकणार नाही. फिरकला नाही."

"रोज? दोन्ही वेळा?"

"एकदा प्रवासात चुकला होता, तर हातपाय गळून गेले."

"बाबा!" असे ओरडले की मी ग्लास खाली ठेवला. "डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा सांगितलं का नाही?"

"हे औषध आहे? मिठाच्या बरणीशेजारी असतं!"

त्यांनी कपाळावर हात मारला, मग हसायला लागले, मग ते हसणं विचित्र झालं. म्हणाले, हाच तो क्षार. खारूताईचं सरबत जे करतं तेच. तुम्ही बरे नाही आहात, तुम्ही पन्नास वर्षं उपचार घेताय. मला पटायला वेळ लागला. मग मी टाळीसाठी हात पुढे केला. पण त्यांनी मधेच विचारलं,

"ती पण घ्यायची?"

"कोण, लेक? लग्नापर्यंत रोज. माझ्या ग्लासातला अर्धा. फेस तिला हवा असायचा."

"आणि आमच्याकडे आल्यावर?"

"तुमच्याकडे कुठे असतो सोडा!" मी आपला थट्टेने म्हणालो.

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, कठडा धरून, पार उन्हात. बिचाऱ्यांना नीट झोप नाही कित्येक दिवसांत. मी चहा केला, तो तसाच राहिला.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलल्या. "पन्नास वर्षं!" म्हणाल्या. "आणि मी ह्यांचं रक्त पुरावा म्हणून धरलं." मग सरळ बसल्या. "पण एवढ्याने भागणार नाही. सोडा पिणारे पुष्कळ असतात. सोडा बंद करून रक्त आंबट झालं आणि तरीही लघवी आंबट होत नसली, तरच अक्षर दोषी. ह्या वयात मला हे आवडत नाही. रोज रक्त तपासायचं. जराही खाली गेलं की भरती."

"मला आवडतंय," मी म्हणालो.

जावईबापू नको म्हणाले. खूप वेळ नको म्हणाले. मी म्हणालो, "जावईबापू, आयुष्यात एकदाच परीक्षेत नापास होण्याचा उपयोग आहे. होऊ द्या."

१८ एप्रिल

छातीत जळजळ. बरणी वरच्या फळीवर ठेवून दिलीय. हात तिकडे जातो.

खारूताईला सांगितलं की आजोबांचीही तपासणी चाललीय. "सुई टोचताना वर बघायचं," तिने शिकवलं. "खाली बघितलं की जास्त दुखतं."

२० एप्रिल

आकडे घसरताहेत. डॉक्टरीणबाई आजच भरती व्हा म्हणाल्या, मी उद्या सकाळी येतो म्हणालो. एक रात्र घरी काढू द्या. पेन जड लागतंय. एक कविता आठवत बसलो होतो, शब्द सगळे गेले, चाल तेवढी राहिलीय.

२३ एप्रिल, रुग्णालय

आज हात चालतो, म्हणून लिहितो.

परवा सकाळी पिशवी भरली आणि दाराकडे निघालो. खोलीच्या मधोमध पाय थांबले. दुखलं नाही. चक्कर नाही. डोकं लख्ख. दार समोर दिसतंय, जायचंय हे कळतंय, आणि पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे. मी तसाच उभा. आणि एकाएकी मला ती खोली दिसेना, तो रस्ता दिसला. मधेच उभी राहिलेली माझी लेक दिसली. गाडी येतेय हे तिला दिसत असणार. सगळं दिसत असणार.

मग पडलो. जावईबापू न्यायला येतच होते, त्यांनी दार ढकललं.

सलाईन लागल्यावर, दुपारी कधीतरी मी म्हणालो, "फोन-बिन काही नव्हता हो."

"माहीत आहे." ते खाली मान घालून बसले होते. "सोड्याच्या दिवशीच कळलं. ती म्हणायची, पाय भरून येतात. मी म्हणायचो, दमली असशील, पड जरा. बाबा, मी रोज ह्याच पेशी बघत होतो. रोज!"

मला वाटलं होतं की मला राग येईल. आला नाही. समोर एक दमलेला पोरगा बसला होता.

"अरे," मी म्हणालो. बारा वर्षांत त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं. "ग्लास माझ्या हातात होता पन्नास वर्षं. मला तरी काय कळलं? आणि ती आता ह्या पोरीत आहे ना? तिचं तरी वेळेवर कळलं."

त्याने माझ्या पायावर हात ठेवला. मला तो हात कळत होता, पाय हलवता येत नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रक्त आंबट, लघवी आंबट व्हायला तयार नाही. थेट खारूताईसारखं. "बशीतला कुत्रा खरं बोलत होता," म्हणाल्या. स्टेरॉइड रद्द. सरबत वाढवायचं, पोटॅशियम वेगळं द्यायचं, जन्मभर घ्यायचं. हाडं भरतील. उंचीही थोडीफार गाठेल. मग मला दम दिला, की पुन्हा कुणी औषधं विचारली तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या सांगायच्या.

२ मे

घरी आलो, चौथा दिवस. आज दोघं जेवायला आले होते. खारूताईला आता सगळं समजावून सांगितलंय, दोन्ही भिंती, दार, शेपटी. ती पाटीवर पेशी काढून रंगवत बसली. हिरवा खडू वरच्या भिंतीवर घासता घासता म्हणाली,

"म्हणजे माझं आणि आजोबांचं सारखं."

"हो."

"आणि आईचं पण."

आम्ही तिला आईचं सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. मग मी म्हणालो, "हो. आईचं पण."

तिने डोक्यात काहीतरी जुळवलं. "मग पप्पा एकटाच बाहेर."

"मी एकटाच बाहेर," तो म्हणाला.

"चालेल," खारूताई म्हणाली. "कुणीतरी बाहेर हवाच. आमचे तिघांचेही पाय गेले तर उचलणार कोण?"

निघताना ती जिन्याशी चपला घालून उभी राहिली. चांगली उड्या मारत उतरली असती. त्याने वाकून तिला उचललं, आणि तिनेही उचलू दिलं.